बाईंचा तक्ता

सोनवाडी, जि. लातूर
२१ एप्रिल २०१६

चि. सिद्धेश्वरला शांतम्माबाईंचे आशीर्वाद.

तुझी आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणतात, ते तुझ्या गल्लीपर्यंत पोचलं का? इकडे उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा आवई उठली आहे. आपलं गाव नव्या जिल्ह्यात जाणार की जुन्यात राहणार, यावर वीरण्णा सरपंच पारावर तासन्‌तास भांडतो. आडात पाणी नाही, पण जिल्हा पाहिजे!

तू माझ्या हाताखाली चौथी शिकलास. इंटरनॅशनल शाळेत मास्तर झालास, तरी आपली शाळा विसरला नाहीस. तुमची-आमची पोरं मिळून पाण्याच्या वह्या लिहिणार, घरी रोज किती घागरी येतात ते मांडणार, तक्ते करणार, परदेशातल्या तुमच्या जोडशाळेला दाखवणार. त्यातून गणित, भूगोल शिकणार. फार चांगलं काम काढलं होतंस. तेव्हा मी हे बोलले नाही. कौतुक करताना माझी जीभ जड होते.

तुझी पोरं बस भरून आली, त्या दिवशी प्रत्येक घरानं एकेक भरलेली घागर शाळेच्या ओसरीत आणून ठेवली होती. पाहुणा दारात आल्यावर पाणी नाही म्हणणं आपल्यात कुणाला जमत नाही. तुझ्या पोरांनी त्यातच हात धुतले.

त्यांना फुगडी शिकवणारी सातवीतली शिवकांता आठवते ना? अकरा दिवस ती शाळेत नाही. पहाटेपासून मळ्यातल्या विहिरीवर नंबर लावून बसते. टँकरची दुसरी खेप बंद झाली. तालुक्याच्या साहेबांनी तुमच्या शाळेत भरलेल्या प्रदर्शनात आमचा तक्ता पाहिला. म्हणाले, घरटी नऊ घागरी येतात, मग दुसरी खेप कशाला?

ग्रामसभेत सगळे तुझ्यावर तुटून पडले. "त्या विंग्रजी शाळेवाल्यानंच आकडे फुगविले. आपल्याच गावचा पोरगा, अन्‌ आपलंच पाणी तोडलं!" वीरण्णानं तुझ्या शाळेला पत्र धाडलं. तुला त्या कामातून काढलं, हे तुझ्या आईनं रडत सांगितलं. "बाई, माझा सिद्धू असं करंल का हो?" मी म्हटलं, नाही करणार. एवढंच म्हटलं.

सिद्धू, आकडे मी बदलले.

पोरांच्या वह्या वाचल्या. तीन घागरी, दोन घागरी. एकानं तर रोज 'आज अंघोळ नाही' असं लिहिलेलं. मला लाज वाटली. परदेशातले लोक आमच्या पोरांना भिकारी समजतील, असं वाटलं. वह्या कपाटात ठेवल्या आणि तक्ता स्वतः केला. रंग भरताना शिवकांतानं पाहिलं. "बाई, आमच्या घरी तीनच येतात. हितं नऊ हाय." मी म्हटलं, "चूप बस." ती गप्प बसली. अजून गप्प आहे. बाईंचं ऐकायचं, हे मीच तिला शिकवलंय.

तूही वह्या मागितल्या नाहीस. बाईंचा तक्ता म्हणून विश्वास ठेवलास.

ग्रामसभेत मी पहिल्या रांगेत होते. जूनमध्ये निवृत्त होते आहे, इतक्या वर्षांत नावाला डाग नाही, तो आता कशाला, असं मनात चाललं होतं. तुला शिव्या बसत होत्या आणि मी पदर सारखा करत होते. माझी मलाच किळस येते रे.

काल शिवकांताच्या घरी गेले. तिच्यासमोर, तिच्या आईसमोर म्हटलं, माझं चुकलं. आई आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. नको म्हणायची सोय नव्हती. मी प्यायले.

उद्या पहिल्या गाडीनं तालुक्याला जाते. साहेबांना सगळं लेखी देईन, आणि खेप सुरू करतो म्हणेपर्यंत कचेरीतून उठणार नाही. रविवारी ग्रामसभेत उभी राहून सांगणार आहे. तुझ्या हेडमास्तरांसाठी पोरांच्या वह्या आणि प्रदर्शनातून परत आलेला तक्ता सोबत पाठवते.

माझ्या वर्गात खोडरबर चालत नसे, आठवतं? चुकीवर एक रेघ, शेजारी बरोबर उत्तर, आणि चूक वाचता आली पाहिजे. तू एकदा थुंकी लावून आकडा पुसलास, तेव्हा मी तुला दिवसभर उभं केलं होतं.

तक्त्यावर काहीही पुसलेलं नाही. प्रत्येक नऊवर रेघ आहे, शेजारी खरा आकडा आहे, खाली माझी सही आहे.

तू सांगशील तितके दिवस उभी राहीन.

तुझी बाई,
शांतम्मा