नापासाचे पेढे

बा, दुसरीच्या निकालाला तू वाटलेला गूळ यंदा उन्हाळ्यात कामाला आला. इतक्या वर्षांनी. तेच सांगायचं म्हणून बसले आहे. सून तिच्या शाळेतून पाठकोरे कागद आणते, त्यातले दोन ओढून घेतले. मी चौथी शिकलेली, अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण तुला तर तेवढंही येत न्हवतं, त्यामुळं तू चुका काढशील ही भीती न्हाई.

पहिले घरचं सांगते, न्हाई तर तुला काही लागायचं न्हाई. आपण आता जालन्याला राह्यतो. माझा पोरगा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलवर हाय, सकाळी मोटरसायकल काढतो आणि संध्याकाळी लोखंडाचा वास घेऊन घरी येतो. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई हाय. दोघांना एकच पोर, तुझी पणती. हुशार निघाली. कोणावर गेली माहीत न्हाई, आपल्यावर तर न्हाई. सगळ्या देशातली लेकरं एका परीक्षेला बसतात आणि त्यातून मूठभर उचलून इंजिनिअरिंगच्या सगळ्यात मोठ्या कालेजात नेतात. त्या मुठीत आपली पोर आली. गल्लीनं बॅनर लावला. त्यावर तिचा फोटो एवढुसा, आणि शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो भाकरीएवढे, गॉगल लावून. विहारात सत्कार झाला, शाल दिली, भाषणं झाली. एकानं तर इतकं लांबवलं की पोर खुर्चीतच डुलक्या घेऊ लागली. पुढं तो बॅनर वाऱ्यानं सुटला, तो मी गच्चीवर नेऊन ठेवला. कापड मजबूत हाय. कुरडया घालायला बराबर झालं.

आता मंडळाचं सांगते, कारण गंमत तिथंच हाय. ज्यांची लेकरं अशा मोठ्या कालेजात गेलीत, त्या जालन्यातल्या मायबापांनी आपलं एक मंडळ केलंय. सुरुवात डब्यांपासून झाली. कोणी लेकराला भेटायला निघालं की बाकीचे आपापले डबे त्याच्या गळ्यात घालायचे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. रेल्वेत त्या माणसाला पाय ठेवायला जागा उरायची न्हाई. मंग डब्यांवरून ओळखी झाल्या आणि महिन्याच्या एका रविवारी पाळीपाळीनं एकमेकांच्या घरी बसायचं ठरलं. नवीन जालन्यातले बँकेचे साहेब आणि त्यांची मंडळी, एक डॉक्टरीणबाई, बियाण्याच्या कंपनीचे शेठ, आणि आपले. रिवाज असा पडला की ज्याच्या लेकराची चांगली खबर, त्यानं पेढे आणायचे. झालं. आता प्रत्येकाकडं दर महिन्याला खबर असतीच. साहेबांचा पोरगा कशात तरी पहिला आलेला असतो, डॉक्टरीणबाईच्या पोराला परदेशातल्या कोणीतरी बोलावलेलं असतं. पेढे टेबलावर पडलेले असतात आणि खाणार कोणी न्हाई, कारण सगळ्यांना साखर. मी कोपऱ्यात बसून ऐकते. दुःख विचारलं तर एकच सांगतात, "तिथलं जेवण बरं न्हाई हो." एवढ्या मोठ्या मोठ्या कालेजात एवढी लेकरं, आणि सगळ्यांना मिळून दुःख काय, तर आमटी पातळ!

उन्हाळ्यात आपली पोर सुट्टीला आली. तोंड उतरलेलं. बॅग टाकली आणि मागच्या खोलीत शिरली, ती दोन वेळच्या जेवणालाच बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले तर कुरडयांचा बॅनर उलटा केलेला, तिचं तोंड खाली. कुरडया सगळ्या एका कोपऱ्यात ढकलून दिलेल्या. मी खाली येऊन म्हणलं, "कुरडयांनी तुझं काय वाकडं केलं गं?" तेव्हा फुटली. गणितात नापास झाली होती. जुलैत पुन्हा पेपर, त्यासाठी लवकर परत जायचं, तिकीट काढलेलं. पण तिनं बापाला सांगून टाकलं होतं, तिकीट रद्द करा, मी आता जायची न्हाई. तिथली लेकरं लई पुढं हायत, मी चुकून गेले, मी इथंच कुठल्या बी कालेजात बसते.

"कुठल्या बी कालेजात बस," मी म्हणलं, "पण तोंड धुऊन बस."

हसली न्हाई. मी जरा घाबरले, बा. ही पोर माझ्या तोंडाला तोंड देणारी. ती गप बसली की घर गिरणी बंद पडल्यावाणी वाटतं. पोरगा आणि सून तर आणखी शहाणे. रागावायचं तर रागवा, जवळ घ्यायचं तर घ्या. दोघं नुसते तिच्या खोलीपुढून चपला हातात घेतल्यासारखे चालून राह्यले. पोरगा तिकीट रद्द बी करीना आणि पोरीशी बोलंना बी.

त्यात रविवार आपल्या घरचा. सून सकाळपासून सोफ्याची कव्हरं बदलून राह्यली, आणि मला हळूच म्हणते, "आत्याबाई, कोणी विचारलं तर म्हणा, तिचं मस्त चाललंय."

"आणि पोर घरात हाय ती?"

"ती मागच्या खोलीत बसंल. मी सांगितलंय तिला, कडी लावून घे."

"लेकरू हाय का चोरीचा माल, लपवून ठेवायला?"

"तुम्हाला न्हाई कळायचं, आत्याबाई. तिच्याच भल्यासाठी. एकदा बोभाटा झाला की पोर आणखी खचंल."

तेव्हा मला तू आठवला, बा. खरं सांगायचं तर तू नेहमी आठवत न्हाईस. सण न्हाई वार न्हाई, मधीच कधी तरी आठवतोस, कोणी खडी फोडताना दिसलं की, न्हाई तर गुळाचा खडा दाताखाली आला की.

मंठ्याजवळचं आपलं गाव. वस्तीतले देव नदीत सोडून आल्याला काही वर्षं झाली होती, आणि तू सभेत ऐकून आल्ता की पोरींना बी शाळेत घाला. ऐकून तर सगळेच आल्ते, घातलं तू एकट्यानं. दुसरीच्या निकालाच्या दिवशी गुरुजी शाळेच्या पडवीत उभे राहून मोठ्यानं पास झालेल्यांची नावं वाचतात. माझं नाव येत न्हाई. संपतात नावं. मी घरी येते आणि उंबऱ्यावर बसते. मायनं विचारलं तर पाटी पुसत बसते. थोड्या वेळानं तू रस्त्याच्या कामावरून येतोस, अंगावर खडीची पांढरी धूळ, आणि हातात पुडा. म्हणतोस, "थाळी आण. निकाल हाय ना आज? गूळ वाटायचा." मायनं गूळ फोडला. तू थाळी माझ्या हातात दिली, आणि निघाला वस्तीत पहिल्या घरापासून. मी मागं मागं, मान खाली. तिसऱ्या घरची म्हातारी भारी तोंडाळ. तोंडात खडा टाकला आणि म्हणते, "काय रे, येडा का खुळा? तुझी पोर तर नापास झाली म्हणं! नापासाचा गूळ वाटतोस?"

सगळी वस्ती बघून राह्यली. आणि तू बिलकुल न बावचळता म्हणाला, "काकू, परीक्षेला बसली म्हणून नापास झाली. तुझी नात का न्हाई झाली? बसलीच न्हाई म्हणून." आणि पुढं, "खाल्लेला गूळ आता थुंकतीस का गिळतीस?"

तिनं गिळला. आपण राहिलेली घरं बी घेतली. दुसऱ्या वर्षी मी दुसरी पास झाले, तेव्हा तू गूळ वाटला न्हाईस. म्हणालास, "एकदा वाटला की. दर साली कोण वाटतो?"

तर रविवारी मी रिक्षा केली आणि नवीन जालन्यात जाऊन पेढे घेऊन आले. रिक्षावाला म्हणला, "मावशी, काय खुशखबर?" मी म्हणलं, "नात नापास झाली." तो पार घरापर्यंत गपच.

संध्याकाळी मंडळ जमलं. साहेबांनी सुरू केलं, त्यांच्या पोराचं काहीतरी पेपरात छापून आलंय. डॉक्टरीणबाईनं कौतुक केलं, पण कौतुक करताना तिचं लक्ष फोनमध्ये. सून हसून राह्यली, असं हसून राह्यली की बघवंना. शेठनी विचारलं, "आणि आपल्या कन्येचं काय म्हणणं?" सुनेनं तोंड उघडायच्या आत मी थाळी घेऊन उठले. थाळीच घेतली, तो पेढ्यांचा पुठ्ठ्याचा डबा मला आवडत न्हाई.

"आमची पोर गणितात नापास झाली," मी म्हणलं. "घ्या पेढा."

सुनेनं डोळे मिटून घेतले. पोरगा खिडकीतून असा बाहेर बघून राह्यला की जशी तिथून रेल्वेच जाणार हाय. साहेबांची मंडळी म्हणली, "आजी, चेष्टा करता का?"

"चेष्टा कशाला? परीक्षेला बसली म्हणून नापास झाली. मी बसले न्हाई, मी न्हाई झाले." आणि मंग तुझ्या गुळाची गोष्ट सांगितली. म्हातारीचा आवाज काढून सांगितली.

शेठ पहिले हसले. त्यांना साखर सगळ्यात जास्त, त्यांनीच पहिला पेढा उचलला. तोंडात टाकला, चघळला, आणि म्हणाले, "आजी, मंग माझ्याकडं तर दर महिन्याचे पेढे थकलेत. माझा पोरगा दोन विषयात आपटलाय. मी सगळ्यांना सांगतो, प्रोजेक्ट चालू हाय."

"कसला प्रोजेक्ट?" साहेबांनी विचारलं.

"हाच. पास होण्याचा."

मंग जे हसू सुटलं! डॉक्टरीणबाई हसता हसता रडायला लागली. तिचा पोरगा परदेशात कुठं जाऊन न्हाई राह्यला. तिला रोज फोन करतो, इथं माझ्याशी कोणी बोलत न्हाई म्हणतो. ती फोनकडं बघती ती त्याच्यासाठी. सुनेनं उठून तिचा हात धरला. साहेब शेवटपर्यंत टिकले, बरं का. त्यांची मंडळी म्हणली, "सांगा ना हो," तेव्हा म्हणाले, "आमचा पहिला येतो. पण दिवाळीपासून घरी आला न्हाई. बोलावलं की म्हणतो, येऊन काय करू, तुम्ही मार्कच विचारता." मी त्यांना दोन पेढे दिले.

तेवढ्यात मागच्या खोलीची कडी वाजली. पोर बाहेर आली, लालबुंद. "आजी! सगळ्यांना सांगितलं?"

"सांगितलं. आणि सगळ्यांचं बी ऐकून घेतलं. तू बी घे एक."

घेईना. उभी राहिली. शेठ म्हणाले, "बेटा, माझा पोरगा जुलैत तोच पेपर देऊन राह्यला. तुमचं कालेज दुसरं असंल, गणित तर तेच हाय ना? फोन लावून देऊ? दोघं मिळून रडा." ती हसायचं न्हाई म्हणून तोंड दाबून राह्यली. मंग हळूच मला म्हणली, "आणि पुन्हा नापास झाले तर?"

"तर पुन्हा पेढे. पण शेठच्या घरी. आपली पाळी झाली."

तेव्हा तिनं पेढा घेतला. अर्धा खाल्ला आणि उरलेला बापाकडं नेऊन दिला. त्यानं तो खिडकीतून तोंड न वळवता खाल्ला, आणि म्हणला, "तिकीट हाय अजून. रद्द केलं न्हाई मी."

आठ दिवसांनी गेली. स्टेशनवर शेठनी आपला बी डबा तिच्या गळ्यात घातला. आता तिचा पेपर झालाय. परवा फोन आला, "आजी, दिला पेपर. कसा गेला विचारू नको." मी न्हाई विचारलं. निकाल अजून यायचाय. मंडळ मात्र सुधारलं. आता पहिले नापासाचे पेढे, मंग पासाचे. नापासाचे लवकर संपतात.

आता एक विचारायचं राहिलं. पेढे घेऊन रिक्षात बसले तेव्हा डोक्यात आलं. वाण्याचं दुकान शाळेच्या पडवीला लागून होतं, बा. गुरुजींनी वाचलेली नावं दुकानात बसून ऐकू यायची, आणि वाण्याचा पोरगा माझ्याच वर्गात पास झाल्ता. तू गूळ त्याच दुकानातून आणलास. वाणी गूळ तोलताना गप बसणारा माणूस न्हवता. इतकी वर्षं मी समजून चालले की तुला म्हातारीनं सांगितलं तेव्हा कळलं, आणि तू कशीबशी वेळ मारून नेलीस. आता मला वाटतं, पुडा बांधून घेतानाच तुला ठाऊक होतं. हो का न्हाई ते तू सांगायचा न्हाईस, आणि हा कागद कुठं पाठवायचा ते मला ठाऊक न्हाई. घडी करून कुरडयांच्या डब्याखाली घालते.

आणि एक. त्या दिवशी थाळीतला शेवटचा पेढा मी तुझ्यापुढं ठेवायला बाजूला काढला होता. पण ठेवणार कुठं, तुझा फोटोच न्हाई. डॉक्टरीणबाईनं मला गोड बंद केलंय. ती फाटकाबाहेर गेली, आणि मी खाऊन टाकला.