एसी बंद ठेवून काढलेलं ॲव्हरेज

मंगळवार, १४ ऑक्टोबर. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या मुलाने, नितीनने, आमच्या ड्रायव्हरला चोर म्हटलं.

कारण काय, तर नवा मोठा पिकअप शोरूमने सांगितलेल्या ॲव्हरेजच्या निम्मंही देत नाही, म्हणजे अशोक डिझेल काढून विकतो! अशोकने किल्ली टेबलावर ठेवली. "माई, गाडी पिते आणि झिंगतो मी," एवढंच म्हणाला आणि लिंबायतला घरी निघून गेला.

शोरूमच्या त्या गोडबोल्या सेल्समनने चक्कर मारून ॲव्हरेज दाखवलं, तेव्हा मी मागच्या सीटवर होते. गाडी रिकामी, रस्ता मोकळा आणि एसी बंद. मी घामाने निथळत होते. "एसी लाव की रे," म्हटलं, तर "मॅडम, बस पाच मिनिट," म्हणून हसला. ते हसू तेव्हाच खटकलं होतं. आता तीच गाडी कापडाच्या गाठी लादून बारडोलीला जाते, कामरेजच्या ट्रॅफिकमध्ये तुंबते, आणि एसी सतत चालू, कारण सोबत बसणाऱ्या आमच्या चिरंजिवांना उकडतं. मग डिझेल संपायला चोर कशाला हवा?

की हे नितीनलाही कळतंय? दिवाळी तोंडावर, बोनस टाळायला... माझाच मुलगा, तरी शंका येते.

"आई, तुला गाड्यांतलं काय कळतं?" म्हणाला. बरं. डायरीचं हे पान फाडून उद्या त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवणार. नितीन, चोरीचा पुरावा काय, ते शनिवारी दुपारी बारापर्यंत मला लेखी दे. नाहीतर किल्ली घेऊन मी स्वतः अशोककडे जाईन. गाडी माझ्या नावावर आहे.