दोन्ही ओरिजिनल असलेल्या डिस्कबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
लोकगीत नोंद कक्ष, भाईंदर (प.)

अर्जदार: उत्तम विठू भोईर, रा. मुर्धा

विषय: जमा केलेली हार्ड डिस्क आहे त्या स्थितीत परत मिळणेबाबत.
संदर्भ: "मूळ साधन कोरे आढळले" हे आपले पत्र.

महोदय,

आपल्या कार्यालयाने अर्जदाराच्या आईचा आवाज कपाटात कोंडला आहे, आणि वर पत्र धाडून कळवले आहे की तो नाहीच.

१. अर्जदाराची आई वासंती ही मुर्ध्यातली धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. तिची गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत. अर्जदाराने ती घरच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवली. पुढे आईला अर्धांगवायू झाला, वाचा गेली.

२. अर्जदार नववी नापास आहे. लिनक्स स्वतःच शिकला. त्याने दोन डिस्कची जोडी बांधली होती. एकीवर जे लिहिले जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक गेली तरी दुसरी राहते.

३. गाण्यांच्या नोंदणीसाठी अर्ज केल्यावर "मूळ साधन घेऊन या" असे आपण कळवले, म्हणून अर्जदार कॉम्प्युटरचा अख्खा डबा खांद्यावर घेऊन आला. आपल्या लिपिक संचिता मॅडम यांनी विचारले, "यातली ओरिजिनल कुठली?"
"मॅडम, दोन्ही ओरिजिनल."
"असं कसं? एक ओरिजिनल, दुसरी झेरॉक्स."
"जुळ्या पोरींत झेरॉक्स कुठली, सांगाल का?"
"काका, शानपट्टी नको, मागे लाइन आहे," असे म्हणून मॅडमनी वरची डिस्क मूळ ठरवून कपाटात ठेवली. खालचीवर "सत्यप्रत" असा शिक्का मारून परत दिली.

४. घरी जोडीतली एक जागा रिकामी दिसू लागली. अर्जदाराने जेसल पार्कच्या दुकानातून नवी डिस्क आणून तिच्यावर भरणे सुरू केले. अर्धे भरले नाही तोच सत्यप्रतीने टकटक केले आणि जीव सोडला. दुकानदार रोहित म्हणाला, "अंकल, इसका हेड गया. जोडीवाली है ना? वो लेके आओ." जोडीवाली आपल्या कपाटात आहे.

५. ती मागायला आल्यावर सांगण्यात आले, मूळ परत हवी तर सत्यप्रत दाखवा. दाखवली. मग म्हणे, ही बंद आहे, चालणारी आणा. चालणारी असती तर अर्जदार आपल्या दारात झक मारायला आला असता का?

६. आता हे पत्र. साहेब, डिस्क कोरी नाही. लिनक्सची डिस्क आपल्या विंडोजला वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून आपण ती कोरी म्हणता. पण ते यंत्र तेवढ्यावर थांबत नाही. ते विचारते, ही डिस्क फॉरमॅट करायची का? म्हणजे पुसून टाकू का? पत्र आल्यापासून अर्जदाराला दुसरे काही सुचत नाही. आई कॉम्प्युटरकडे बोट दाखवते. अर्जदार म्हणतो, "आये, हापिसान हाय, येल." ती मान हलवते. तिला खरे वाटते.

७. अर्जदाराला नोंदणी नको, प्रमाणपत्रही नको. डिस्क कुठल्याही यंत्राला लावू नये. यंत्राने विचारले तेव्हा आपल्या कार्यालयातल्या कोणी काय दाबले, एवढे कळवावे.

मूळ आणि सत्यप्रत यांच्या मधोमध अडकलेला,
उत्तम विठू भोईर
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१. सत्यप्रत, शिक्क्यासह, बंद.
२. अर्जदाराचा पत्ता घातलेले पोस्टकार्ड. मजकूर लिहून ठेवला आहे: "पुसली / पुसली नाही." लागू नसेल ते खोडून उलट टपाली पाठवावे.