खुब्यातल्या छर्ऱ्याची वाटणी

मी, श्रीमती देवकाबाई चैतराम पटले, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय छर्रे व बेअरिंगचे दुकान, राहणार कुडवा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कंबर शाबूत नाही, आणि ती कशाने गेली हे पुढे येईलच. वकीलसाहेबांनी रागाचा मजकूर गाळायला सांगितला होता. तो गाळला तर वाटणी अशी का केली हे कोणालाच कळणार नाही, म्हणून ठेवला आहे.

कलम १. कुडव्याचे घर मुलगा योगराज याला द्यावे. घरात त्याने कधी काही बिघडवलेले नाही. आमगावची धानाची जमीन आणि माझे दागिने मुलगी दुर्गेश्वरी हिला. बँकेतली ठेव दोघांनी निम्मी-निम्मी घ्यावी आणि त्यावरून भांडू नये. भांडायला पुढचे कलम पुरेसे आहे.

कलम २. गोंदियाच्या बाजारातला माझ्या नावचा गाळा आणि त्यातला सर्व माल मी सून मंजू हिच्या एकटीच्या नावे करत आहे. योगराजच्या नाही. हे वाचून त्याला राग येईल. येऊ दे, माझा तर कधीचाच आलेला आहे.

कारण सांगते. आमच्याकडे लेकीच्या आंदणाची भांडी घ्यायला बाया निघाल्या की पदराला चुंबक बांधून निघतात. चिकटले तर स्टील हलके, नाही चिकटले तर असली. शेजारच्या गाळ्यात माझे दीर टेकचंद यांचे भांड्यांचे दुकान आहे आणि त्यांचा सारा धंदा या एका चुंबकावर चालतो. आजकाल हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, पण ते जाऊ दे. छर्रा म्हणजे यंत्रात फिरणारी गोळी, ताटवाटी नव्हे.

स्टेनलेसचे छर्रे दोन स्वभावाचे असतात. तीनशेचार, तीनशेसोळा हे निकेलवाले. ते चुंबकाला दाद देत नाहीत, पाण्याने नाही, औषधाने नाही, सहसा कशानेच गंजत नाहीत, पण अंगाने मऊ. फवारणी पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये तेच हवेत, नेलपॉलिशच्या बाटलीत खुळखुळतात तेही तेच. दुसरा चारशेचाळीस. तो चुंबकाला चटकन चिकटतो, ओल पहिल्यांइतकी सोसत नाही, पण तापवून कडक केलेला असतो आणि भार घेऊन वर्षानुवर्षे फिरतो. उसना म्हणजे उकडा तांदूळ काढणाऱ्या मिलमध्ये वाफही असते आणि वजनही, तिथल्या बेअरिंगला तोच लागतो. चुंबक फक्त ओढ सांगते. कडकपणा कानस सांगते: कडक छर्ऱ्यावरून ती घसरते, मऊ छर्ऱ्याला ओरखडा पाडते. हे मी योगराजला कानीकपाळी ओरडून सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी.

मी एका लग्नासाठी आमगावला गेले होते तेव्हा टेकचंदभाऊजींनी आपले चुंबक माझ्या डब्यांतून फिरवले. "योगराज, हे पाय, या डब्यांतले सारे चिकटून राहिले. तुह्या मायले कोणीतरी नकली माल देल्ला." योगराजने डबेच्या डबे कबाड्याला तोलून दिले. मी परत आले तर फळी रिकामी.

"काऊन विकले रे?"

"नकली होते, माय. काकाजीनं दाखवलं ना."

जे चुंबकाला चिकटले नाहीत ते छर्रे त्याने मोठ्या कौतुकाने आमच्याच हातठेल्याच्या चाकांत भरले. म्हणे आता जन्मभर गंजणार नाहीत. गंजले नाहीत, हे मान्य. चपटे झाले. मिलचा माल लादून ठेला उतारावर आला, चाक अडकले, ठेला माझ्यावर कलंडला आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात योगराजचा पहिला शब्द, "माय, लोड जास्त होता." आजपर्यंत तो दुसरे काही बोललेला नाही. मला माफी नको होती. छर्रा चुकीचा भरला, एवढे त्याने म्हणायला हवे होते. ते ऐकायला मी अजून थांबले आहे आणि माझा सारा वैताग त्याचाच आहे.

डॉक्टरांनी मोडल्या जागी दांडीला जोडलेला स्टीलचा गोळा बसवला. मी जात विचारून घेतली, तीनशेसोळाची. अंगातल्या खाऱ्या पाण्यात तोच टिकतो, तेव्हा निवड बरोबर. भाऊजी भेटायला आले ते मोसंबी आणि चुंबक घेऊन. चादरीवरून त्यांनी ते माझ्या खुब्यावर फिरवले. "वयनी, चिकटून नाही राहिलं. माल असली हाय." योगराज शेजारी उभा राहून मान डोलवत होता. मला उठता आले असते तर हे मृत्युपत्र लिहायची वेळ त्या दोघांवर आली असती.

मंजू मात्र डॉक्टरांच्या मागे लागली होती. "साहेब, हा कायच्यावर घासते, न याच्यावर भार किती पडते?" गाळा तिला का दिला, ते या एका प्रश्नात आले.

कलम ३. माझी कानस मंजूला. गिऱ्हाईक आले की छर्रा कुठे बसवायचा आहे हे आधी विचारावे, मग डब्याला हात लावावा. योगराजला दुकानात बसायला मनाई नाही, पण मंजूला विचारल्याशिवाय त्याने डबा उघडू नये.

कलम ४. दीर टेकचंद यांचे चुंबक दवाखान्यात माझ्या लोखंडी खाटेच्या पायाला चिकटून राहिले होते. ते कपाटात आहे, त्यांना परत द्यावे. मधली भिंत पाडून दुकान वाढवायचे त्यांच्या मनात फार दिवसांपासून आहे. गाळा त्यांना कोणत्याही भावाने विकू नये.

कलम ५. राख सावडताना माझा छर्रा दांडीसकट सापडेल. चितेत तो काळा पडेल, वितळणार नाही. अस्थींबरोबर तो वैनगंगेत सोडू नये. दुर्गेश्वरीने तो उचलून भावाच्या हातात द्यावा आणि योगराजने तो घासूनपुसून दुकानाच्या काउंटरवर ठेवावा. भाऊजी येऊन चुंबक लावतील, लावू द्यावे. एखादे गिऱ्हाईक विचारील, हा कायचा छर्रा, चांगला की खराब? तेव्हा योगराजने आधी सांगावे की तो कोणाच्या अंगात बसवला होता, आणि मग सांगावे की तो का बसवावा लागला. एवढे एकदा त्याच्या तोंडून निघाले की मंजूने गाळ्यावर त्याचेही नाव लावून घ्यावे. ही माझी अट आहे आणि इच्छाही. ऐकायला मी नसेन. तरी त्याने ते मोठ्याने सांगावे.

या कागदाप्रमाणे सर्व पार पाडण्याची जबाबदारी दुर्गेश्वरीवर आहे. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी खुर्चीत बसून सही करत आहे, कारण उभे राहवत नाही.

ठिकाण : गोंदिया
दिनांक : १७ डिसेंबर २०२४

(सही) देवकाबाई चैतराम पटले

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही :
१. (सही) चुन्नीलाल बिसेन, मिल फिटर, राहणार कुडवा
२. (सही) धर्मेंद्र रहांगडाले, दुकानदार, राहणार गोंदिया