लोट्यातली दुसरी चिठ्ठी

आसेगाव, ५ मे २०२४

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी आजी स्पीकर लावायला लावते, म्हणून हा कागद. भाजीच्या वावराची वाटणी झाली. एक तुकडा विहिरीचा, एक नाल्याकडचा कोरडा. तुझ्या विकासकाकाने दोन चिठ्ठ्या लिहून लोट्यात टाकल्या अन् म्हणे, दादा, तू मोठा, तूच काढ. मला विहीर आली. तरी तुझा काका हसत घरी गेला! विहीर हातची गेल्यावर कोणी हसतं का? नाल्याकडून रस्ता निघून तिथला भाव वाढणार हे त्याला आधीच कळलं असावं. परवा चारचौघांत मी त्याला लबाड म्हणालो. तेव्हापासून तो आपल्या ओट्यावर फिरकला नाही.

वाटणीच्या दिवशी तो तुझ्याशी अर्धा तास काय बोलत होता? तू घरी विसरलेल्या कॉलेजच्या वहीतही पानोपानी दोघांची अदलाबदल आहे. खरं काय ते लिही.

शंका फार, पण माया तेवढीच,
तुझा बाबा, जगदेव

अमरावती, १३ मे २०२४

ती. बाबांस सा. न.

आता माझ्यावरही संशय! काकाने फक्त मेसचं जेवण विचारलं. वहीतले दोघं म्हणजे दोन कण, अगदी एकसारखे. त्यांचं मिळून एक तरंगफलन, म्हणजे त्यांची अवस्था सांगणारं गणिती सूत्र, असतं. कणांची अदलाबदल करूनही ते जसंच्या तसं राहिलं तर सममित. प्रकाशाचे कण असे, कितीही जण एकाच अवस्थेत नांदतात. इलेक्ट्रॉनचं मात्र चिन्ह उलटतं, अधिकचं उणे होतं, ते प्रतिसममित. आता दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत आहेत असं धरा. अदलाबदलीने काहीच बदलणार नाही, पण चिन्ह तर उलटायलाच हवं. स्वतःच्या उण्याइतकं असतं फक्त शून्य. म्हणजे अशी जोडी असूच शकत नाही. हे कळेपर्यंत मी दोनदा रडले.

एका चिठ्ठीवर विहीर म्हणजे दुसरीवर नालाच, असं तुम्ही धरून चाललात. पण कागदाला इलेक्ट्रॉनचा नियम नाही. दुसरी चिठ्ठी कोणी उघडली का? आजी लोटा देवापुढे ठेवते, तिथे बघा. तोवर काकाला काही बोलू नका.

रागावलेली, तरी तुमचीच,
निकिता

आसेगाव, २१ मे २०२४

चि. निकितास आशीर्वाद.

चिठ्ठी लोट्यातच होती. तिच्यावरही विहीरच, तुझ्या काकाच्याच अक्षरात. आजी म्हणाली, त्यानं मले शपथ घातली होती. दादाचे गुडघे गेले, तो कोरड्या वावरात पाणी कुठवर वाहून नेईल, म्हणे. अशा भावाला मी लबाड म्हणालो. फार लाज वाटली, बाई.

दोन्ही चिठ्ठ्या घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हटलं, पुन्हा वाटणी करू. तो नाही म्हणाला. मग म्हटलं, तूच दोन्हींवर विहीर लिहिली, तर विहीर दोघांची. एक दिवस आड मोटर तू लाव. तो म्हणाला, दादा, याच्यात तुवा काय डाव आहे?

हे त्याला मीच शिकवलं, निकिता. मी पाइप त्याच्या बांधापर्यंत नेऊन ठेवला आहे. चार दिवस झाले, त्याने अजून जोडला नाही. तू ये. तुझं तो ऐकतो.

वाट पाहणारा,
तुझा बाबा