तिसरी खुर्ची

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, सध्या काय चाललंय, आणि मी "ऑफिसचं नेहमीचंच" म्हणून विषय उडवला. खरं म्हणजे महिनाभर मी फ्रेंचमधून तुर्कीत बोलणारे दुभाषी शोधत होते. आमच्या संस्थेत येत्या शनिवारी 'शेजार' या विषयावर समाजशास्त्राचा परिसंवाद आहे. वक्ते फ्रेंच, पाहुणे तुर्की.

माणसं मिळत नव्हती असं नाही. पण पहिले गृहस्थ निघाले कोर्टात मुरलेले. चाचणीला लावलेल्या भाषणात वक्त्या म्हणतात "असं असू शकेल", आणि हे "असंच आहे" असं ठणकावून मोकळे. आमचे तुर्की जाणणारे सर हेडफोन काढून म्हणाले, "अहो, यांनी तर निकालच देऊन टाकला!" दुसऱ्या बाई यंत्रांच्या प्रदर्शनांतल्या. त्यांच्या तोंडी शेजारीपाजारी सुटे भाग वाटायला लागले. मग जिथे चौकशी करावी तिथे एकच उत्तर: "त्या नवरा-बायकोच्या जोडीतल्या बाई बघा ना. माइक बंद असला की नवऱ्यावर खेकसायच्या, सुरू झाला की नुसता मध!" त्या बाई म्हणजे माझी सख्खी बहीण, हे मी कोणाला सांगितलं नाही.

भाऊजी गेल्यावर तू एकदाच दुभाष्यांच्या काचेच्या बूथमध्ये बसलीस, शेजारी दुसरंच कोणी होतं, आणि वाक्य अर्धवट टाकून बाहेर आलीस. त्यानंतर तुझं एकच पालुपद: माझ्यामुळे पुन्हा कोणाचं काम अडायला नको. तुला बोलवावं असं मला रोज वाटायचं. पण ते तुझ्यासाठी, की माझी अडचण सुटावी म्हणून, याचं प्रामाणिक उत्तर देता येईना. शिवाय धाकटीचं अडलंय म्हटल्यावर तू दात-ओठ खाऊन आली असतीस. ते मला नको होतं. शोधत राहिले.

काल जोडी मिळाली. दोघी तरुण, एक समाजशास्त्रच शिकलेली. अंदाजाला अंदाजच ठेवतात. सर खूश आहेत.

आता माझं काही अडलेलं नाही, म्हणूनच लिहिते आहे. दिवसभराच्या कामाला, आलटूनपालटून बोलता यावं म्हणून, बूथमध्ये तिसरी खुर्ची ठेवतात, हे मी तुला काय सांगायचं? ती मी कोणाला दिलेली नाही. येऊन नुसती ऐकत बस. वाटलं तर माइक घे. मध्येच उठून गेलीस तरी त्या दोघी सांभाळून घेतील. तसं बोलून ठेवलंय. येणार की नाही, हे आधी कळवायचीही गरज नाही.

तुझीच,
धाकटी