मेनला बांधलेला लाल दोरा

सोलापूर
भाद्रपद, रविवार सकाळ

प्रिय वैष्णवी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. अप्पांचा गुडघा दुखतो, पण दोन गल्ल्या फिरून आल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी मध्येच अडखळले असते, तू “राहू दे गं, सवडीने सांग” म्हणाली असतीस, आणि मी खरंच राहू दिलं असतं. तीन वर्षं मी तेच केलंय. म्हणून आज चहासुद्धा न घेता मागाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलेय आणि कागद मांडीवर घेतलाय.

आधी मागाचं सांगते, ते सांगणं सोपं आहे. यंदा पावसाची हवा फार ओली. चिंचोक्याची खळ ताण्याच्या उभ्या सुताला लावली की दोन-दोन दिवस वाळत नाही, सूत चिकट राहतं आणि फणीत अडकतं. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. वैशाखात धुतलेली लोकर गच्चीवर तासाभरात खडखडीत वाळली, पण माग चालवायला बसले की धागा काडीसारखा मोडायचा. खड्ड्यात पाणी शिंपडून, ओलं पोतं पसरून विणत होते. चांगले दिवस म्हणशील तर दिवाळीनंतरचे. नातेपुत्याहून सोजरबाई मेंढ्यांची कातरलेली लोकर घेऊन येते, तेव्हा कोकरांची पहिली मऊ लोकर वेगळ्या गाठोड्यात आणते. जावळ म्हणते ती त्याला. ते गाठोडं अजूनही ती माझ्या हातात देत नाही. “जेऊरवाली बाई कुटं हाय?” म्हणून तुझी चौकशी करते, मग सुस्कारा सोडते आणि जमिनीवर ठेवते.

तू डिप्लोमा संपवून आमच्या माडीवर भाड्याने राहायला आलीस, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि आमचं चादरीचं दुकान सांभाळून कंटाळले होते. लोकर हा तुझा नाद होता. खाली पुढच्या खोलीत फरशी फोडून मागासाठी खड्डा खणायचा हे तूच अप्पांना पटवलंस. मी तर नुसती बघत होते. घोंगडीची लोकर मऊ विणून तिची शाल होऊ शकते, हे तू मला तुझ्या बोटांनी दाखवलंस. डोळे मिटून सूत चिमटीत धरायचीस आणि कुठे पीळ कमी पडलाय ते सांगायचीस. मला ते कधीच जमलं नाही. सहा वर्षं आपण दोघी त्या खोलीत होतो आणि लोक आपल्या शालींचं कौतुक करायचे तेव्हा मी पुढे असायचे, कारण मला बोलता यायचं.

पिंजणाचं मशीन आणायचा हट्ट मात्र माझा. खिळ्यांच्या फळ्यांनी लोकर विंचरत बसलो तर वर्षाला चाळीस शाली होणार नाहीत, असं मी म्हणत होते. जुनं मशीन मिळालं, आणि त्याची लाइन ओढायला आपल्याच गल्लीतले मडिवाळप्पा आले. तुला आठवत असेल, मशीन बघून ते खूश नव्हते. लाइट गेली की मशीन थांबतं, पण त्याचं बटण तसंच चालू राहतं, म्हणजे लाइट आली की ते आपोआप फिरणार, हे त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. म्हणून त्यांनी घरातल्या बोळात मशीनसाठी वेगळा मेन स्विच बसवला. “जिचा हात आत, तिनं आदी मेन खाली करायचा आन् त्याला लाल दोरा बांदायचा. दोरा बांदला तिनंच सोडायचा. दुसऱ्यानं शिवायचं न्हाय. देवाची आण समजा.” तू हसली नाहीस. लगेच लाल लोकरीचा एक दोरा कातून खिळ्याला अडकवून ठेवलास.

आता माघातल्या त्या दिवसाचं लिहिते. पुण्याच्या प्रदर्शनाला आठ दिवस राहिले होते आणि नऊ शाली अजून व्हायच्या होत्या. आदल्या दिवशी तू मशीन साफ केलंस आणि दोरा सोडायला विसरलीस. मी तासभर लाइट गेली असं समजून बसून राहिले आणि मग तुझ्यावर ओरडले. सकाळी आपण एकमेकींशी बोलत नव्हतो. नऊच्या सुमाराला लाइट गेली. तू आतल्या खोलीत, मशीनपाशी गेलीस. मी मागच्या अंगणात डाळिंबाच्या सालींच्या रंगात लोकर बुडवत होते. पाऊण तासाने शेजारचा पंप सुरू झालेला ऐकू आला, म्हणजे लाइट आली होती. पण आपलं मशीन सुरू झालं नाही. मी तशीच ओल्या हातांनी उठले आणि बोळात आले.

वैष्णवी, मेन खाली होता आणि त्याला दोरा बांधलेला होता. मी तो पाहिला. हलकी सुरगाठ होती, नेहमी तू मारायचीस तशी. मला वाटलं, परत विसरली. आतल्या खोलीचं दार चार पावलांवर होतं. एक हाक मारायला हवी होती. पण कालपासून आपण बोलत नव्हतो आणि हाक मारायची म्हणजे मी आधी बोलल्यासारखं झालं असतं. मी दोरा ओढून काढला आणि मेन वर केला.

तुझी किंकाळी ऐकून मी मेन पुन्हा खाली ओढला. गल्लीतली माणसं धावत आली तेव्हा त्यांना मेन खाली दिसला, तो असा. दोरा माझ्या मुठीत होता. तुला रिक्षात घालायच्या आधी मी अंगणात टॉवेल आणायला गेले आणि दोरा रंगाच्या भांड्यात टाकला. त्या घाईत, तुझ्या रक्ताने माझे हात भरलेले असताना, मला तेवढं सुचलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय विचारलंस ते तुला कदाचित आठवत नसेल. “धनू, मी दोरा बांधला होता ना?” मी म्हणाले, होता. खरं तेच बोलले मी. मग ऋतुराजने विचारलं, “मेन खाली होता तर मशीन चाललं कसं?” तुझा भाऊ माझ्यासमोर उभा होता, तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, आणि मी म्हणाले, “स्विच खराब असेल. वायरिंगमध्येच काहीतरी असेल.” तेवढं एक वाक्य. पुढचं सगळं माझ्याशिवाय झालं. ऋतुराजने मडिवाळप्पांच्या दुकानात जाऊन त्यांची कॉलर धरली. गल्लीने त्यांना काम देणं बंद केलं. ते बोर्ड बघू द्या म्हणून दोनदा आले, मी दारातूनच परत पाठवलं. महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केलं आणि अक्कलकोटकडे मेहुण्याच्या शेतावर मजुरीला गेले. तू जेऊरला गेलीस. मी मशीनवर जाड घोंगडी टाकली आणि पुन्हा फळ्यांनी लोकर विंचरायला लागले. प्रदर्शनं होत राहिली, वैष्णवी. तू आखून ठेवलेल्या नक्ष्या मी विणत राहिले.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी मडिवाळप्पा दारात आले. केस पांढरे झालेत. चप्पल बाहेर काढून उभे राहिले आणि म्हणाले, “अक्का, एकदा बोर्ड बघू द्या. माजी अक्षता आयटीआयला वायरमनचंच शिकतीय. बाप कुटं चुकला म्हणून विचारती. काय सांगू तिला?” यावेळी मला नाही म्हणता आलं नाही. अप्पाच उठले आणि त्यांना आत घेऊन आले.

दीड तास ते बोळात होते. तीन वर्षांत त्या मेनला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी झाकण काढलं, एकेक वायर सोडली, आतल्या पट्ट्या उजेडात धरून बघितल्या, फुंकर मारून पुन्हा बसवल्या. मग मेन वर, खाली, वर, खाली, प्रत्येक वेळी टेस्टर लावून. मी मागावर बसले होते आणि तो खटका ऐकत होते. धोटा हातात होता, पण एक ओळही पुढे सरकली नाही. आता हा माणूस बाहेर येईल आणि माझ्याकडे बघेल, असं वाटत होतं. ते आले. टेस्टर खिशात घालत म्हणाले, “स्विच एकदम चांगला हाय. खाली असताना वारंसुदीक जाणार न्हाय पलीकडं.” मग ते म्हणाले, “म्हंजे त्या दिवशी जोडणीतच माजं काय तरी ढिलं राहिलं असंल. आता सापडत न्हाय. लई इचार केला अक्का. आता रविवारी जेऊरला जातो. त्या पोरीच्या पाया पडून येतो. तेवढं केल्याबिगर झोप लागणार न्हाय.”

मला वाटलं होतं ते मला पकडतील. उलट, स्विच चांगला निघाल्यावरही ते स्वतःचीच चूक शोधत होते. आणि मी काय केलं सांगू? मी त्यांना चहा दिला. जेऊरला जाणारी गाडी किती वाजता आहे ते अप्पांनी सांगितलं. ते गेले.

त्या आठवड्यात माझ्याकडून काही विणून झालं नाही. ताणा तुटायचा, मी गाठ मारायचे, पुन्हा तुटायचा. अप्पा दारातून बघायचे आणि कन्नडमध्ये एवढंच विचारायचे, काय झालं बाळा. शनिवारी सकाळी मी साडी बदलली आणि अक्षता ज्या खोलीत भाड्याने राहते तिथे गेले. मडिवाळप्पा रविवारच्या गाडीने जेऊरला निघायचे होते, पिशवी भरलेली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हाक मारली नाही तेही सांगितलं. अक्षता चुलीपाशी होती, ती वळली आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहू शकत नाही. मडिवाळप्पांनी भरलेली पिशवी बाजूला सारली. मग म्हणाले, “म्हंजे पोरीनं दोरा बांदला व्हता.” मी म्हणाले, हो. “आन् मेन खाली केला व्हता.” हो. “मंग मी सांगितलं व्हतं ते बरोबर व्हतं.” आणि ते रडायला लागले, मोठ्याने, माणसं जमतील इतक्या मोठ्याने. अक्षता उठून त्यांच्याजवळ गेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमी जावा आता.”

मी गल्लीत परत आले आणि अप्पांना सांगितलं. संध्याकाळी अप्पा मला घेऊन घरोघरी गेले. प्रत्येक दारात मी तेच बोलले. काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावलं. शिवानंदकाका म्हणाले, आता उकरून काय उपयोग. अप्पा त्यांना म्हणाले, उपयोग आहे की. अप्पांनी त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी कामापलीकडचं एक वाक्य बोललेलं नाही. जेवायला मात्र शेजारीच बसतात.

हे सगळं तुला आधीच लिहायला हवं होतं, गल्लीच्याही आधी. मी दर सकाळी उद्यावर ढकललं. आज लिहिते याचं कारण परवाचा ऋतुराजचा फोन. त्याने आनंदाने सांगितलं की डाव्या हाताने तू आता चाती फिरवतेस, गावातल्या अकरा बायकांना कताई शिकवतेस, दसऱ्याला तुमचं केंद्र उघडणार आहे आणि फीत मी कापावी असं तू ठरवलं आहेस. पुढे म्हणाला, पिंजणाचं नवीन मशीन येतंय, चांगला वायरमन बघतोय, फक्त तुमच्या सोलापूरचा तो मडिवाळप्पा सोडून. मी त्याला फोनवरच खरं सांगणार होते, पण तुझ्याआधी त्याला सांगणं बरोबर वाटलं नाही. वैष्णवी, फीत कापायला मी येणार नाही. तू बोलावलंस तरी आता ते माझं काम नाही. माझी एकच विनंती आहे, आणि ती माझ्यासाठी नाही. अकरा बायका त्या मशीनपाशी बसणार आहेत. त्याची लाइन मडिवाळप्पांना ओढू दे. मी काल पुन्हा जाऊन त्यांना विचारलं. “ती पोरगी बोलावंल तर येतो,” म्हणाले. अक्षताही सोबत येईल. त्यांचा नंबर पाकिटाच्या आत लिहिला आहे. तू आधी त्यांना फोन कर. मला काय म्हणायचं, किंवा काहीच म्हणायचं नाही, ते मग ठरव.

तू अजून म्हणू दिलंस तर तुझी,
धनलक्ष्मी